महाविद्यालयीन स्वयंसेवक आणि स्थानिक मुलांचे मार्गदर्शन : राष्ट्रीय सेवा योजनेतील सातत्याचा प्रश्न

गोषवारा

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचे सर्वाधिक परिचित रूप म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना होय. श्रमदान, स्वच्छता, वृक्षारोपण व जनजागृती या कामांबरोबरच परिसरातील शाळकरी मुलांना वाचन, अभ्यास आणि पुढील शिक्षणाच्या वाटचालीत साहाय्य करणे हेही स्वयंसेवकांचे महत्त्वाचे कार्य आहे. श्रमदानाचे मोजमाप तासांत करता येते. मार्गदर्शनाचे मोजमाप केवळ तासांत करता येत नाही, कारण त्याचे फलित सातत्यावर अवलंबून असते. मार्गदर्शनाची नोंद स्वयंसेवकाच्या तासांऐवजी मुलाच्या उपस्थितीच्या व प्रगतीच्या आधारे ठेवल्यास योजनेच्या सध्याच्या चौकटीतच हे कार्य परिणामकारक होऊ शकते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : राष्ट्रीय सेवा योजना, स्वयंसेवक, मार्गदर्शन, दत्तक गाव, वाचनक्षमता, सातत्य.

१. प्रस्तावना

दिवाळीच्या सुटीनंतर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत महाविद्यालयांची विशेष श्रमसंस्कार शिबिरे भरतात. सात दिवस जिल्हा परिषदेची शाळा किंवा गावातील समाजमंदिर हे स्वयंसेवकांचे घर होते. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, सायंकाळी गटचर्चा व रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम असतो. या सात दिवसांत वनराई बंधारा उभा राहतो, शोषखड्डे खोदले जातात, रस्ते झाडले जातात. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट घडते आणि तिची नोंद अहवालात क्वचितच होते. गावातील मुले स्वयंसेवकांभोवती गोळा होतात, त्यांना दादा-ताई म्हणू लागतात, आपल्या वह्या आणून दाखवतात. आठव्या दिवशी सामान टेम्पोत भरले जाते आणि दादा-ताई निघून जातात.

बांधलेला बंधारा मागे राहतो. परंतु मुलांशी जडलेल्या नात्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्थानिक समाजात करावयाच्या कार्याचा विचार करताना हा प्रश्न मध्यवर्ती मानावा लागेल. योजनेची पार्श्वभूमी, स्वयंसेवकांच्या अध्यापनाविषयीचे संशोधन आणि महाविद्यालयीन वेळापत्रकाची वस्तुस्थिती या तीन अंगांनी त्याचा विचार येथे केला आहे.

२. योजनेची वाटचाल

उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही काळ समाजासाठी द्यावा, ही कल्पना स्वातंत्र्योत्तर काळातील शिक्षणविचारात प्रारंभापासून आढळते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) स्वेच्छेने करावयाच्या राष्ट्रीय सेवेचा पुरस्कार केला होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा असावी, असे या समितीने सुचविले. आर्थिक भार व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ही सूचना प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर के. जी. सैय्यदैन यांनी अन्य देशांतील प्रयोगांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी, असे मत मांडले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड असावी, अशी शिफारस केली. मराठी भाषकांना सुपरिचित असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते.

या विचारमंथनातून महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या हस्ते राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. त्या वेळी ३७ विद्यापीठे व सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात सहभागी होते. पुढे ही संख्या देशभरात लक्षावधींवर गेली. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हे योजनेचे बोधचिन्ह आहे आणि स्वतःआधी दुसऱ्याचा विचार हा तिच्या ब्रीदवाक्याचा आशय आहे.

सक्तीची वर्षभराची सेवा आणि कोणतीच सेवा नाही, या दोन टोकांमधील मध्यममार्ग म्हणून या योजनेकडे पाहता येते. विद्यार्थी आपले शिक्षण सुरू ठेवून दरवर्षी १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास देतो आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिरात सहभागी होतो. तास हे योजनेचे परिमाण झाले ते याच रचनेतून.

३. श्रमदान आणि मार्गदर्शन : दोन भिन्न स्वरूपाची कार्ये

तासांचे परिमाण श्रमदानाला साजेसे आहे. पन्नास स्वयंसेवकांनी चार तास काम केले, तर दोनशे मनुष्यतासांचे काम झाले. आज पन्नास जण आले काय किंवा उद्या त्यांच्याऐवजी वेगळे पन्नास जण आले काय, बंधाऱ्याला त्याने फरक पडत नाही. काम वाटून घेता येते, थांबवून पुन्हा सुरू करता येते आणि एका ठरावीक दिवशी पूर्ण झाले असे जाहीर करता येते.

मार्गदर्शनाचे तसे नाही. इंग्रजीतील ‘मेंटरिंग’ हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. वयाने किंवा अनुभवाने थोड्या पुढे असलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या वाटचालीत दीर्घकाळ सोबत करणे, असा त्याचा अर्थ सांगता येईल. मराठी समाजजीवनात या नात्यासाठी वेगळी संज्ञा घडविण्याची गरज पडली नाही. ‘ताई’ आणि ‘दादा’ या संबोधनांतच ते सामावले आहे. शिक्षक परीक्षा घेतो, पालक अपेक्षा ठेवतात. ताई किंवा दादा यांच्याजवळ मात्र न समजलेली गोष्ट न लाजता सांगता येते. हा विश्वास भेटींच्या पुनरावृत्तीतून निर्माण होतो. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा आणि त्यानंतर तिसरा स्वयंसेवक आला, तर तास तेवढेच भरतात. परंतु मुलाच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवी सुरुवात होते. म्हणूनच दोन्ही कार्यांना एकच मापदंड लावणे योग्य ठरत नाही.

४. प्रशिक्षित शिक्षक नसलेला तरुण शिकवू शकतो काय?

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मुलांना शिकवावे, असे म्हटले की त्याच्या पात्रतेविषयी शंका घेतली जाते. या शंकेचे उत्तर देणारे महत्त्वाचे अनुभव महाराष्ट्रातूनच उपलब्ध झाले आहेत.

१९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ हा उपक्रम राबविला. माध्यमिक शिक्षण झालेल्या, त्याच वस्तीतील तरुणींना अल्प प्रशिक्षण देऊन तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज सुमारे दोन तास सोपविण्यात आला. मुंबई व वडोदरा येथील या उपक्रमाचे अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी मूल्यमापन केले आणि त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपक्रमामुळे मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला, असे त्यात दिसून आले. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने हा लाभ पुष्कळ कमी झाला होता, तरी तो पूर्णपणे नाहीसा झाला नव्हता.

दुसरा अनुभव उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचा आहे. तेथे गावातील तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याची सोपी पद्धत समजावून देण्यात आली आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जी मुले वर्गाला आली त्यांच्या वाचनात ठळक सुधारणा झाली. परंतु संबंधित गावांतील सुमारे ८ टक्के मुलेच वर्गाला आली होती. ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते, अशा मुलांतही हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते.

या दोन अभ्यासांतून निघणारा निष्कर्ष महाविद्यालयांच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. अल्पप्रशिक्षित तरुण मुलांना वाचायला शिकवू शकतो. खरी अडचण असते ती गरजू मूल वर्गापर्यंत पोहोचण्याची, येत राहण्याची आणि मिळविलेले टिकविण्याची.

आवश्यकता किती मोठी आहे, हे ‘असर’ या वार्षिक पाहणीवरून समजते. २००५ पासून होत असलेल्या या पाहणीत घरोघरी जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास दिली जाते. पाहणी करणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा वाटा मोठा राहिला आहे. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. कोविड महामारीनंतर, २०२२ मध्ये, ते २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब आहे. तथापि तिसरीतील चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती कायम आहे.

५. सातत्य तुटल्याचे परिणाम

मार्गदर्शन अर्धवट सुटले तर काही बिघडत नाही, जेवढे झाले तेवढे मुलाच्या पदरात पडले, असा एक समज आहे. संशोधन या समजाला दुजोरा देत नाही. जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांनी अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मार्गदर्शन उपक्रमातील १,१३८ किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे मार्गदर्शकाशी नाते एक वर्ष किंवा अधिक काळ टिकले, त्यांच्यात सर्वाधिक सुधारणा आढळल्या. नात्याचा काळ जसजसा कमी, तसतसे लाभही कमी होते. अगदी अल्पावधीत ज्यांचे नाते संपुष्टात आले, त्यांच्या बाबतीत काही निकषांवर चक्क पीछेहाट झालेली दिसली.

अमेरिकेतील शहरी मुले आणि महाराष्ट्रातील खेड्यातील मुले यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंब, भावकी, शेजार यांचा आधार असतो. तरीही या निष्कर्षामागील कारण सहज पटण्यासारखे आहे. ज्या मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसण्याची सवय झाली आहे, ज्याच्या घरी अभ्यास विचारणारे कोणी नाही, ते मूल मोठ्या संकोचाने आपले अज्ञान उघड करते. ज्याच्याजवळ ते उघड केले तो दादा काहीही न सांगता यायचा थांबला, तर मूल त्याचा अर्थ स्वतःपुरता लावते. महाविद्यालयाची सत्रपरीक्षा सुरू झाली, हे कारण त्याच्या लक्षात येत नाही; आपल्यालाच काही येत नाही म्हणून दादा कंटाळला, हे मात्र त्याला सहज वाटू शकते. म्हणून सुरू करून सोडून दिलेले मार्गदर्शन हे निरुपद्रवी अपयश मानता येत नाही.

६. उपलब्ध तासांचे गणित

वर्षभर सातत्य राखणे महाविद्यालयाला शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या नियमांतच शोधता येते. वार्षिक १२० तासांपैकी २० तास उद्बोधन व कौशल्य-प्रशिक्षणासाठी, ३० तास महाविद्यालयाच्या परिसरातील कामासाठी आणि ७० तास दत्तक गावातील किंवा वस्तीतील कामासाठी, अशी विभागणी योजनेच्या नियमपुस्तिकेत केलेली आहे. अध्यापनाची दोन सत्रे प्रत्येकी पंधरा आठवड्यांची धरली, तर वर्षात तीस आठवडे होतात. आठवड्यातून एकदा दोन तास या हिशेबाने साठ तास लागतात. म्हणजे स्वयंसेवकाने वर्षभर दर आठवड्याला एकदा मुलांना भेटावे, एवढा अवकाश सत्तर तासांत आहे आणि दहा तास पालकभेटींसाठी उरतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या बदलांनी या रचनेला बळकटीच दिली आहे. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी स्तरावर लागू झाले. सामाजिक सहभागाच्या कामाला त्यात श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम व श्रेयांक आराखड्यानुसार अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला दोन तास, एकूण तीस तास होत. दर आठवड्याची नियमित भेट हा मार्गदर्शनाचा गाभा. श्रेयांकाची व्याख्याही नेमकी तीच लय गृहीत धरते.

तात्पर्य, तासांची कमतरता ही अडचण नाही. अडचण तासांच्या वाटणीत आहे. हेच सत्तर तास दोन-चार मोठ्या उपक्रमांत, जयंत्या-पुण्यतिथींच्या फेऱ्यांत आणि सत्राच्या शेवटी घाईने भरलेल्या दैनंदिनीत विखुरले गेले, तर प्रमाणपत्र मिळते. मूल मात्र होते तेथेच राहते.

७. कार्यपद्धती : जोडी, हस्तांतरण आणि नोंद

सातत्य राखण्याची जबाबदारी एकट्या स्वयंसेवकाच्या सद्भावनेवर सोपविणे योग्य नव्हे. परीक्षा, आजारपण, शेतीची कामे, घरचे लग्न, चुकलेली एस.टी. अशी अनेक कारणे त्याच्या आड येतात. म्हणून रचनेतच सातत्याची तरतूद असावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी उपयुक्त ठरतील.

पहिली गोष्ट म्हणजे जोडी. योजनेतील सहभाग दोन वर्षांचा असल्याने प्रत्येक घटकात प्रथम वर्षाचे व द्वितीय वर्षाचे स्वयंसेवक एकाच वेळी असतात. एक जुना व एक नवा अशी जोडी करून तिच्याकडे सहा मुलांचा गट द्यावा. एकाला येणे शक्य नसेल, तर दुसरा जातो. मुलांना ओळखीचा चेहरा दिसतो. शंभर स्वयंसेवकांच्या घटकातील केवळ चोवीस जणांनी हे काम पत्करले, तरी बारा जोड्या होतात आणि बहात्तर मुलांपर्यंत पोहोचता येते. लहान गावातील प्राथमिक शाळेत वाचनात मागे असलेली बहुतेक मुले एवढ्या संख्येत सामावू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हस्तांतरण. जुना स्वयंसेवक वर्षअखेरीस बाहेर पडतो, तेव्हा नवा त्याची जागा घेतो आणि पुढील जून-जुलैत त्याच्यासोबत आणखी एक नवा येतो. मुलाच्या बाजूने पाहिले, तर दोघांपैकी एक जण नेहमी परिचित असतो. निरोपाचा दिवस आधी सांगितलेला असावा. दादा का जात आहे आणि आता कोण येणार आहे, हे मुलाला कळणे हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. स्वयंसेवकाची दैनंदिनी त्याने किती तास दिले, हे सांगते. तिच्या जोडीला प्रत्येक मुलासाठी एक पान असलेली नोंदवही ठेवावी. कोणत्या आठवड्यात मूल आले, आले नसेल तर त्याच्या घरी कोण जाऊन आले, जुलै, डिसेंबर व मार्चमध्ये ते अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर होते, एवढ्या मोजक्या नोंदी पुरेशा आहेत. जौनपूरच्या अभ्यासात दिसलेली गैरहजेरीची अडचण अशा नोंदवहीत पहिल्याच महिन्यात लक्षात येते. कार्यक्रम अधिकाऱ्याने मासिक बैठकीत एकूण किती तास झाले, हे विचारण्याआधी कोणती मुले येईनाशी झाली, हे विचारले, तर कामाची दिशा आपोआप बदलते.

शिकविण्याची पद्धत साधी असावी. मुलांची विभागणी इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पायरीनुसार करावी. पाचवीतील ज्या मुलाला शब्द वाचता येत नाहीत, त्याने शब्दांपासूनच आरंभ करणे हिताचे असते. या ठिकाणी स्थानिक स्वयंसेवकाचे एक मोठे सामर्थ्य उपयोगी पडते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी परकी वाटू शकते. त्याच परिसरातून आलेला स्वयंसेवक मुलाच्या बोलीत गोष्ट सांगून त्याला छापील मजकुरापर्यंत आणू शकतो.

८. मार्गदर्शनाचा आशय : वाचनापलीकडे

प्राथमिक शाळेतील मुलांसाठी वाचन व गणित हा मार्गदर्शनाचा मुख्य भाग असला, तरी वरच्या वर्गांतील मुलांची गरज वेगळी असते. त्यांना माहितीची आणि उदाहरणाची गरज असते. आठवीतील विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात यापूर्वी कोणी नववीच्या पुढे गेलेले नाही, तेथे ही माहिती वेळेवर पोहोचेलच असे नाही. जातीचा व उत्पन्नाचा दाखला कोठे काढावा, अकरावीचा ऑनलाइन अर्ज कसा भरावा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीसाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे सर्व महाविद्यालयीन विद्यार्थ्याने नुकतेच स्वतः अनुभवलेले असते. त्याचा हा ताजा अनुभव मोठ्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी असतो.

मुलींच्या बाबतीत या नात्याचे मोल अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. दहावीनंतर शिक्षण थांबविण्याचा विचार घरात सुरू होतो, तेव्हा शेजारच्या गावातून एस.टी.ने महाविद्यालयात येणारी, घरची कामे सांभाळून शिकणारी ताई हे मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठीही जिवंत उदाहरण असते. तिने घरच्यांशी वाद घालावा, अशी अपेक्षा नाही. तिचे नियमित येणे-जाणेच पुष्कळ काही सांगून जाते.

ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे आणखी एक क्षेत्र आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते. आजी-आजोबांजवळ किंवा या वसतिगृहात राहणारी मुले पाच-सहा महिने आईवडिलांपासून दूर असतात. महाविद्यालयाचे दुसरे सत्रही साधारण याच महिन्यांत असते. मार्गदर्शनाची गरज आणि स्वयंसेवकाची उपलब्धता यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच आढळेल.

प्रौढांच्या बाबतीतही अशा कार्याला वाव आहे. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी केंद्र शासनाने हाती घेतलेला ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. नातवाला वाचायला शिकविणारी ताई आजीलाही सही करावयास शिकवू शकते.

९. मर्यादा व दक्षता

या कार्याच्या काही मर्यादा स्पष्टपणे लक्षात घेतल्या पाहिजेत. स्वयंसेवक हा शिक्षकाचा पर्याय नाही. शाळेतील रिक्त पदांवर विद्यार्थ्यांचे स्वयंसेवी कार्य हा उपाय म्हणून पुढे केला जाऊ नये. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या संमतीने आणि वर्गशिक्षकाशी बोलूनच काम सुरू करावे. अन्यथा मुलाला दोन वेगळ्या पद्धतींमध्ये गोंधळल्यासारखे होते.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कोणतीही तडजोड नसावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याची माहिती प्रत्येक स्वयंसेवकाला उद्बोधनाच्या तासांतच द्यावी. भेटी शाळेच्या ओसरीवर, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे सर्वांच्या नजरेसमोर व्हाव्यात. एकट्या मुलाला घरी बोलावणे टाळावे. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नयेत. अहवालासाठी तर मुळीच नाही. विद्यार्थिनी स्वयंसेवकांच्या परतीच्या प्रवासाचा विचार करून भेटीची वेळ ठरवावी.

उपकाराची भावना ही आणखी एक धोक्याची जागा आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी स्वतःच त्यांच्या घराण्यातील पहिले पदवीधर होणार असतात. त्यांना मुलांच्या अडचणी ऐकून माहीत नसतात, जगून माहीत असतात. आपण कोणाचा उद्धार करावयास निघालो आहोत, अशी भूमिका घेण्याऐवजी आपण दोन पावले पुढे गेलो आहोत आणि मागे वळून हात देत आहोत, ही भूमिका त्यांना सहज घेता येते.

सर्वच स्वयंसेवकांनी मार्गदर्शनाचे काम करावे, असा आग्रहही धरू नये. ज्याला वर्षभर नियमित येणे शक्य नाही, त्याने श्रमदान, सर्वेक्षण किंवा रक्तदान शिबिराच्या आयोजनात भाग घ्यावा. ती कामेही तितकीच आवश्यक आहेत. नियमितपणाचे वचन देऊ शकणारे थोडेच स्वयंसेवक असले तरी चालतील.

१०. शिफारशी

१) दत्तक गावातील कामाच्या वार्षिक ७० तासांपैकी ६० तास सलग साप्ताहिक मार्गदर्शनासाठी देण्याचा पर्याय इच्छुक स्वयंसेवकांना उपलब्ध करून द्यावा.

२) प्रथम व द्वितीय वर्षाच्या स्वयंसेवकांच्या जोड्या कराव्यात आणि वर्षअखेरीस मुलांसमक्ष हस्तांतरण करावे.

३) स्वयंसेवकाच्या दैनंदिनीबरोबर मुलानुसार नोंदवही ठेवावी आणि वार्षिक अहवालात तिचा गोषवारा द्यावा.

४) सात दिवसांचे निवासी शिबिर शक्यतो त्याच गावात घ्यावे, म्हणजे शिबिर हा वर्षभराच्या कामातील एक टप्पा ठरेल.

५) सत्रपरीक्षेच्या काळातील खंड आधीच जाहीर करावा व पुढील भेटीची तारीख मुलांना सांगावी.

११. समारोप

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ कालावधीच्या भाषेत झाला आहे. देशमुख समितीने महिने सुचविले, योजनेने तास ठरविले, नव्या धोरणाने त्यांचे श्रेयांक केले. ही परिमाणे आवश्यक आहेत; त्यांच्यावाचून एवढी व्यापक योजना चालू शकली नसती. परंतु मुलाच्या वाट्याला तास येत नाहीत, माणूस येतो. तो माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे, याची खात्री हीच त्या मुलाला महाविद्यालयाकडून मिळणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट होय. बंधारा बांधून झाल्यावर गाव सोडता येते. मूल शिकत असताना मात्र गावाशी नाते टिकवावे लागते. हे भान ठेवून तासांची मांडणी केली, तर नवा निधी किंवा नवी योजना यांची वाट न पाहता, आहे त्याच चौकटीत महाविद्यालय आपल्या परिसरातील मुलांच्या शिक्षणाला खराखुरा हातभार लावू शकेल.